रिकामी जागा

आमचा नाखवा निवृत्त झाला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. पडद्यावर एक ओळ उमटली: अमुक खेळाडूने निवृत्ती जाहीर केली आहे. खाली ‘पुढे’ असं बटण. मी ते दाबलं आणि दुसऱ्या दिवशीचा सराव सुरू झाला.

नाखवा हे अर्थात मी ठेवलेलं नाव. दरवर्षी नवी आवृत्ती निघणाऱ्या एका फुटबॉलच्या गेममधला हा बचावपटू, पाच नंबरची जर्सी घालणारा. गेममधल्या करिअर मोडमध्ये एकट्याने एखादा क्लब चालवायचा असतो: खेळाडू घ्यायचे, विकायचे, हंगामामागून हंगाम काढायचे. मी ग्रिम्सबी टाउन घेतला होता. मी रत्नागिरीची, त्यामुळे मासेमारी बंदराचा क्लब म्हटल्यावर दुसरीकडे बघितलंच नाही. या क्लबचं मैदान ग्रिम्सबीत नाही, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे, आणि त्याचे चाहते सामन्याला हवा भरलेले प्लास्टिकचे मासे घेऊन येतात. अशा क्लबला मी अकरा हंगामांत इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीतून पहिल्या श्रेणीत आणलं. अकराही हंगाम नाखवा कप्तान होता. त्याला निरोपाचा सामना नाही, टाळ्या नाहीत, समालोचकाचं एक वाक्य नाही.

सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेतही तेच. पहिल्या हंगामात विचारलेला प्रश्न अकराव्या हंगामात त्याच शब्दांत येतो. मधल्या काळात आपण काय गमावलं, काय मिळवलं, हे त्या पत्रकाराच्या गावीही नसतं. दर वर्षी नवी आवृत्ती पूर्ण किमतीला घ्यायची आणि करिअर मोड उघडून बघायचा, तर भिंतींना नवा रंग दिलेला आणि गळकं छप्पर तसंच.

कारण गुपित नाही. याच गेममध्ये ऑनलाइन खेळायचा दुसरा भाग आहे. त्यात खेळाडू पत्त्यांसारखे बंद पाकिटांतून मिळतात. पाकीट खऱ्या पैशांनीही घेता येतं, आत कोण निघेल ते नशिबावर. अशी पैसे मोजून घेतलेली पाकिटं म्हणजे जुगारच, असं बेल्जियमच्या जुगार नियामकांनी २०१८ मध्ये ठरवलं. पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली की संग्रह पुन्हा शून्यापासून. एकट्याने खेळणारी मी मात्र एकदा पैसे भरते आणि वर्षभर कोणाला काही न देता बसून राहते. माझ्यासाठी नवी वाक्यं कोण लिहील?

माझा बारा वर्षांचा भाचा सुट्टीत हैदराबादला आला होता. तो पाकिटंवाला. “मावशी, कॉम्प्युटरशी खेळून काय मिळतं? तो तर हरायलाच बसलेला असतो.” मी म्हटलं, “तू गोष्टीचं पुस्तक वाचतोस तेव्हा कोणाला हरवतोस?” त्याला ते पटलं नाही. खरं तर मलाही नाही. चांगलं पुस्तक आधीची पानं विसरत नाही.

तौलनिक साहित्यात एम. ए. करताना आम्हाला वोल्फगांग इझर होता. लेखक संहितेत रिकाम्या जागा सोडतो, त्या वाचक भरतो आणि तिथेच अर्थ घडतो, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून या गेमचा बचाव मी स्वतःशी असाच करत आले: निरोप नाही, तर तो मी कल्पावा. पण वीस वर्षं भाषांतर केल्यावर एक गोष्ट कळते. लेखकाने मुद्दाम सोडलेली जागा आणि कोणी काम न केल्यामुळे राहिलेली जागा यांत फरक असतो. पहिलीच्या कडा कोरलेल्या असतात, तिच्यापाशी आपण थांबतो. दुसरीत नुसता पाय जातो.

आणि तरी लोक ती भरतात. ‘क्रिकेट ०७’ हा गेम २००६ च्या अखेरीस आला आणि ती मालिका तिथेच थांबली. आपल्याकडच्या पोरांनी तो सोडला नाही. दर वर्षी नवे संघ, नव्या जर्सी, आयपीएलसुद्धा, सगळं कोणीतरी घरी बसून बनवतं आणि फुकट वाटतं. समालोचन मात्र जुनंच. रिची बेनो २०१५ मध्ये गेले, पण आजही त्यांचा आवाज त्यांनी कधी न पाहिलेल्या पोरांच्या चौकारांवर बोलतो. हे प्रेम मला फार आपलं वाटतं. पण त्या प्रेमाच्या जिवावर कोणी आपलं काम टाळू नये.

त्या रात्री मी गेम बंद केला आणि भाषांतराच्या वहीच्या मागच्या पानावर नाखव्याचा शेवटचा सामना मराठीत लिहिला. पाऊस, एक-एक अशी बरोबरी, ऐंशीव्या मिनिटाला त्याला बाहेर बोलावलं, प्लास्टिकचे मासे वर उचलले गेले.

सकाळी भाच्याने ते पान वाचलं.

“हे गेममध्ये झालं?”

“नाही.”

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आता पाच नंबर कोणाला दिलास?”

“अजून कोणालाच नाही,” मी म्हटलं.