दीड कोटीची गाडी देवबागच्या रस्त्यावर

मुलांनो, गाड्यांचे नंबर ओळखायचा खेळ तुम्ही खेळता का? आमच्या कुंभारमाठला मे महिन्याच्या सुट्टीत मुलं गडग्यावर बसून हाच खेळ खेळतात. एमएच ०७ म्हणजे आपली सिंधुदुर्गाची गाडी, ०९ कोल्हापूरची, १२ पुण्याची. जीए असेल तर गोव्याची आणि केए असेल तर कर्नाटकातली. मालवणला जाणारी प्रत्येक गाडी आमच्या समोरून जाते, त्यामुळे खेळाला तोटा नाही. नंबर ओळखून झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, “किती पळता ही?”

गेल्या सुट्टीत या खेळात एक वेगळीच गाडी आली. लांबलचक, काळी, गुळगुळीत. नंबराची पाटी हिरवी आणि त्यावर पांढरी अक्षरं. म्हणजे विजेवर चालणारी खासगी गाडी. ती आमच्या वाडीत वळली आणि एका घरासमोर थांबली, तरी कोंबड्यासुद्धा उडाल्या नाहीत!

“बाई, ही गाडी चालू आसा काय बंद?” एका मुलानं मला विचारलं.

आमच्या वाडीतला एक दादा पुण्यात मोठ्या गाड्यांवर ड्रायव्हर आहे. तो मालकांच्या कुटुंबाला घेऊन देवबागला आला होता आणि तासभर आईला भेटायला घरी आला होता. मालक मोठ्या मनाचे. “मुलांना गाडी दाखव, फिरव,” असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. मग काय! मी आणि वाडीतली तीन मुलं, असे चौघं पाय झाडून गाडीत बसलो. कुंभारमाठ ते देवबाग असा आमचा प्रवास झाला. त्या प्रवासात जे पाहिलं, विचारलं आणि वहीत उतरवलं, ते तुम्हाला सांगते.

चाकणची पाहुणी

गाडीचं नाव मर्सिडीज-बेंझ ईक्यूएस ५८०. नाव जर्मन असलं तरी पाहुणी आपल्या महाराष्ट्रातलीच. या कंपनीनं १९९४ साली पुण्यात बस्तान बसवलं. १९९५ पासून पिंपरीला टेल्कोच्या आवारात गाड्यांची जुळवणी सुरू झाली. २००९ मध्ये चाकणला स्वतंत्र कारखाना झाला. ३० सप्टेंबर २०२२ रोजी याच चाकणच्या कारखान्यातून भारतात जुळवलेली ईक्यूएस ५८० बाजारात आली. तेव्हा तिची किंमत होती १ कोटी ५५ लाख रुपये. बरेचसे सुटे भाग परदेशातून येतात, पण ते जोडणारे हात इथलेच.

आता हिची तुलना कशाशी करायची? तुमच्या आजोबांना किंवा बाबांना ठाऊक असलेल्या मारुती ८०० शी करू. १९८३ च्या डिसेंबरात आलेली ही छोटी गाडी भारतातल्या कितीतरी घरांतली पहिली मोटार होती. तिची लांबी सव्वातीन मीटरपेक्षा थोडी जास्त, वजन साधारण ६५० किलो आणि ताकद सुमारे ३७ अश्वशक्ती. ईक्यूएसची लांबी ५.२ मीटर, वजन साधारण अडीच टन आणि ताकद ५२३ अश्वशक्ती. म्हणजे वजनाला जवळजवळ चार मारुती आणि ताकदीला चौदा!

बांगड्याचा आकार

गाडीकडे बाजूनं पाहिलं तर बॉनेट, टप आणि डिकी असे तीन वेगळे भाग दिसतच नाहीत. पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत एकच कमान. पुढे जाळी नाही, तिथे काळा गुळगुळीत पत्रा आहे. दाराच्या मुठीसुद्धा दारात लपलेल्या. चावी जवळ आली की त्या बाहेर येतात.

हे सगळं नुसतं दिसण्यासाठी नाही. गाडी पळते तेव्हा तिला समोरची हवा कापावी लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. आकार हवेला किती अडतो ते एका आकड्यानं सांगतात. साध्या मोटारींचा हा आकडा ०.३० च्या आसपास असतो. ईक्यूएसचा ०.२० पर्यंत खाली आणलेला आहे. पुढची जाळी असते ती इंजिनाला वारा मिळावा म्हणून. विजेच्या मोटरीला त्या मानानं फार कमी वारा पुरतो, म्हणून जाळी गेली.

आपल्याकडच्या मुलांना हे समजायला पुस्तक नको. बांगडा हातात धरून पाहा. तोंड निमुळतं, मध्ये भरीव आणि शेपटीकडे पुन्हा निमुळता. अंगावर कुठे अडकेल असं काही नाही. आपल्या होड्यांचा नाळेकडचा भागही पाणी कापायलाच निमुळता केलेला असतो. पाणी काय, हवा काय, दोघांचं म्हणणं एकच: आडवे येऊ नका!

आत बसल्यावर

दार लागलं आणि बाहेरचा आवाज एकदम बंद झाला. कोणी कानात कापूस घातला की काय असं वाटलं. समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच काच, तब्बल १४१ सेंटिमीटर लांब. तिच्याखाली तीन पडदे. एक ड्रायव्हरचा, एक मधला आणि एक शेजारी बसणाऱ्याचा. शेजारच्या पडद्यावर सिनेमा लागला असेल आणि ड्रायव्हर तिकडे बघायला लागला, तर कॅमेऱ्याला ते कळतं आणि चित्र मंद होतं. वर्गात खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलांसाठी मला असंच काहीतरी हवं आहे!

चाकांवर पोलादी स्प्रिंगांऐवजी हवेच्या उशा आहेत. खड्डा आला की धक्का त्या गिळतात. रस्ता खराब असेल तर हळू वेगात गाडी थोडी उंचही करता येते. मालकांची म्हातारी आई पाठदुखीमुळे कित्येक वर्षं लांबचा प्रवास करत नव्हती. पुण्याहून फोंडा घाट उतरून ती देवबागला आली आणि आल्यावर लगेच समुद्र बघायला चालत गेली. दादानं हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, आरामदायी म्हणजे काय ते या एका गोष्टीत कळलं.

घाटाची एक गंमत ऐका. विजेची गाडी उतारावर येते तेव्हा चाकं मोटरीला फिरवतात आणि मोटरच वीज तयार करून बॅटरीत भरते. अडीच टनांची गाडी ५०० मीटर खाली उतरली तर साधारण ३.४ युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. त्यातली थोडी वाया जाते, बाकीची परत मिळते. सायकलवरून उतार उतरताना तुमचे पाय दुखायचे थांबतात, पण उलट दोन घास पोटात जात नाहीत. हिच्या पोटात जातात!

मागचं सुकाणू

कुंभारमाठहून आम्ही भरडावर आलो. मालवणची बाजारपेठ तुम्हाला ठाऊक असेल. दोन्ही बाजूंनी दुकानं आणि रस्ता बैलगाडीच्या काळातला. दादानं बाजारात गाडी घातलीच नाही, बाहेरून वायरीच्या रस्त्याला लागला. “गाडी मोठी म्हणान रस्तो मोठो होणा नाय,” तो म्हणाला.

तारकर्लीच्या पुढे देवबागचा रस्ता लागतो. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये माडांच्या बागा, घरं आणि एक अरुंद रस्ता. गाडीची रुंदी आरसे सोडून १.९३ मीटर. समोरून एसटी आली की दोघांपैकी एकानं थांबायचंच.

एका वळणावर तसंच झालं. एसटी आली. दादानं गाडी मागे घेतली आणि एका बागेच्या तोंडाशी अलगद वळवली. पाच मीटरची गाडी इतकी चटकन कशी वळली? गुपित असं, की हिची मागची चाकंही थोडी वळतात. हळू वेगात पुढची चाकं उजवीकडे तर मागची डावीकडे. त्यामुळे लांब गाडी छोट्या जागेत फिरते. “होडयेचा सुकाणू मागेच असता मा?” मागून एक मुलगी म्हणाली. तिचे बाबा मच्छीमार आहेत. तिला मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

किती पळता?

आता तुमचा आवडता प्रश्न. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ही गाडी ४.३ सेकंदांत घेते. जास्तीत जास्त वेग २१०. हे ऐकल्यावर मुलं दादाच्या मागेच लागली, “दादा, दाखवा ना!”

दादा हसला. “हय नाय. ह्यो रस्तो शाळेच्या पोरांचो आसा.”

आणि त्यानं आम्हाला गणित घातलं. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला किती? जवळजवळ २८ मीटर, म्हणजे खो-खोच्या मैदानाच्या लांबीइतके. रस्त्यात कुणी आडवं आलं तर ते बघून ब्रेकवर पाय ठेवेपर्यंतच साधारण एक सेकंद जातो. तेवढ्यात खो-खोचं मैदान संपलं! त्यानंतर चांगल्या गाडीला कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण ४० मीटर लागतात. पावसाळ्यात त्याहून जास्त. वेग निम्मा केला, तर ब्रेक लावल्यानंतरचं अंतर एकचतुर्थांश होतं. हे गणित दीड कोटीच्या गाडीलाही चुकत नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार द्रुतगती मार्गावरसुद्धा मोटारीला ताशी १२० ची मर्यादा आहे. मग २१० चा उपयोग काय, ते तुम्हीच सांगा.

या गाडीत नऊ एअरबॅग आहेत. २०२१ मध्ये युरोपातल्या अपघात-चाचणीत तिला पाच तारे मिळाले. तरीही मागे बसलेल्या तिघांचे पट्टे ‘टक्’ असे लागल्याशिवाय दादानं गाडी हलवली नव्हती. एअरबॅग गाडीतल्यांना वाचवते. रस्त्याच्या कडेनं दप्तर घेऊन चालणाऱ्या मुलाला कोण वाचवणार? ड्रायव्हरचा पाय आणि त्याचं डोकं!

त्यात विजेच्या गाडीची चाहूल लागत नाही. युरोपात २०१९ पासून नव्या विजेच्या गाड्यांना हळू वेगात मुद्दाम आवाज करणं सक्तीचं केलं, ते याचसाठी. आपल्याला आवाजावरून गाडी ओळखायची सवय आहे. ती आता बदलायला हवी. कान मोकळे ठेवाच, पण मान वळवून दोन्हीकडे बघितल्याशिवाय रस्ता ओलांडू नका.

ब्रेकवरून एक गोष्ट आठवली. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये तीन चाकांच्या मोटारीचं पेटंट घेतलं. तिची ताकद एक अश्वशक्तीसुद्धा नव्हती. लोक ती विकत घ्यायला घाबरत. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी बर्था दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, ती गाडी शंभर किलोमीटरवरच्या माहेरी घेऊन गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासातच थांबण्याची अक्कल सुचली होती, ती एका आईला!

काय खटकलं?

परीक्षण म्हटलं की उणी बाजूही सांगायला हवी. हिची बॅटरी १०७.८ युनिटची. आमच्या घरात महिन्याला साधारण तेवढीच वीज लागते. पूर्ण भरली की सरकारी चाचणीच्या हिशेबानं ८५७ किलोमीटर. मोठ्या चार्जरवर ती अर्ध्या-पाऊण तासात बरीचशी भरते. पण घरगुती तीन किलोवॉटच्या जोडणीवर रिकामी बॅटरी भरायची तर ३६ तास! आणि कोकणातली वीज म्हणजे वाऱ्यावरची वरात. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा मालवण तालुक्यातली कितीतरी गावं दिवसेंदिवस अंधारात होती.

दुसरी गोष्ट मुलांनी शोधून काढली. वायरीला येईपर्यंत तिघंही गप्प होती. मग एकानं विचारलं, “दादा, काच खाली करू?” काच खाली गेली आणि खारा वारा, वाळत घातलेल्या सुकटीचा वास, कोणाच्या तरी घरातली मिक्सरची घरघर, लाटांचा आवाज, सगळं एकदम आत आलं. मुलांचे चेहरे खुलले. मलाही बरं वाटलं. गाव बघायला आलेल्यानं गावाचा वास बंद करून कसं चालेल?

परतताना आम्ही एसटीनं आलो. खिडक्या खडखडत होत्या, पण जागा मिळाली आणि समुद्र दिसत राहिला.

गाडी कोण बनवतं?

आमच्या कुंभारमाठला शासकीय तंत्रनिकेतन आहे. दहावीनंतर तिथे अभियांत्रिकीची पदविका करता येते. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात तर मर्सिडीज-बेंझच्या सहकार्यानं मोटारींच्या यंत्र-विद्युत तंत्राचा खास अभ्यासक्रम सुरू झाला. सुकाणूची गोष्ट ज्या मुलीला न सांगता कळली, तिला मी हे सगळं सांगितलं. ती आता सहावीत आहे. दीड कोटीची गाडी विकत घेणं फार थोड्यांना जमेल. ती बनवायला शिकणं तिच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर सुरू होऊ शकतं.

तोवर तुमच्यासाठी एक काम. टेप घेऊन शाळेसमोरच्या रस्त्याची रुंदी मोजा, पण मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. त्यातून १.९३ मीटरची ही गाडी आणि साधारण अडीच मीटरची एसटी वजा करा. चालणाऱ्या मुलांसाठी दोन्हीकडे मिळून किती जागा उरते? आकडा वहीत लिहा आणि ग्रामसभेला जाणाऱ्या तुमच्या घरातल्या माणसाच्या हातात द्या.