जास्तीत जास्त भलं आणि 'नको' म्हणण्याचा हक्क

चि. ओंकार यास,



पगारातला दहावा हिस्सा तू मलेरियाच्या मच्छरदाण्यांसाठी देतोस, हे वाचून फार बरं वाटलं. देत राहा. पण पुढे लिहिलंस, की याहून जास्त भलं करायचं तर पैशाच्या बळावर सरकारची धोरणंच वळवायला हवीत. तिथे मी थबकले.

तत्त्वज्ञ पीटर सिंगरचा १९७२ चा निबंध मीही वाचला आहे. पूर्व बंगालमधल्या निर्वासितांचे हाल समोर ठेवून त्याने विचारलं, आपलं फारसं न बिघडता दुसऱ्याचा जीव वाचत असेल तर तो न वाचवणं योग्य कसं? माझ्याकडे त्यावर तोड नाही. पण हा प्रश्न माणसाने स्वतःच्या खिशाला विचारायचा. सत्ता तो विचारू लागली की खिसाही दुसऱ्याचा आणि शरीरही दुसऱ्याचं.

१९७६ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही. तरीही १९७६-७७ या एका वर्षात देशभरात ऐंशी लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांनाही नसबंदीच्या 'केसेस' आणण्याचं टार्गेट असे. हे राबवणारे सगळे लोक दुष्ट नव्हते रे. लोकसंख्या आवरली नाही तर पुढच्या पिढ्या उपाशी मरतील, हा हिशेब कितीतरी शहाण्यांना पटला होता, परदेशी तज्ज्ञांनाही. उद्याच्या कोट्यवधींचं सुख एकदा पारड्यात टाकलं, की समोरच्या शेतमजुराच्या 'नको'ला वजनच उरत नाही. हा दोष मला त्या हिशेबातच दिसतो, केवळ तो राबवणाऱ्यांत नाही. आणि तो थांबवला कोणी? १९७७ च्या निवडणुकीत मतदारांनी.

तुमच्या अमेरिकेतला क्रिप्टो-अब्जाधीश सॅम बँकमन-फ्राइडही भरपूर कमवून भलं करायला निघाला होता. २०२२ मध्ये ओरेगनच्या एका प्राथमिक निवडणुकीत, त्याच्या पैशावर चालणाऱ्या गटाने एका नवख्या उमेदवारामागे एक कोटी डॉलरहून जास्त ओतले. हेतू पुढची महासाथ टाळण्याचा. तिथल्या मतदारांनी त्या उमेदवाराला पाडलं. आपल्या कंपनीच्या ग्राहकांच्या ठेवी वापरल्याबद्दल बँकमन-फ्राइडला पुढे पंचवीस वर्षांची शिक्षा झाली.

मच्छरदाणी नको असेल तर माणूस ती परत करू शकतो. धोरण एकट्या माणसाला परत करता येत नाही. म्हणून धोरणं वळवू पाहणाऱ्या तुझ्या मंडळींना एवढंच विचार: ज्यांचं भलं करणार आहात, ते तुम्हाला थांबवू शकतात का? उत्तर 'नाही' असेल, तर तिथे एक डॉलरही देऊ नकोस.

तुझी,
आत्या