वैनगंगेच्या वाटेवर सायकलीने

सायकलीने हिंडण्याचे सुख फ्रेंच माणसाने जितके मनावर घेतले आहे, तितके आपण घेतलेले नाही. तिकडे म्हणे नदीकाठचे रस्ते, द्राक्षांचे मळे, दुपारी झाडाखाली पाव आणि चीज, आणि सांजावले की जे खेडे लागेल तेथे मुक्काम! आपल्याकडे सायकल म्हणजे दूधवाला, पोस्टमन आणि शाळेची पोरे. चाळिशी उलटलेला प्राध्यापक हौसेने सायकल हाणताना दिसला, की लोक त्याच्याकडे 'स्कूटर विकली की काय बिचाऱ्याने?' अशा करुणेने पाहतात.

तसा आमचा चंद्रपूर जिल्हा सायकलीला अगदीच परका नाही. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमटे कन्याकुमारीहून 'भारत जोडो' यात्रेला निघाले, तेव्हा शंभरावर तरुण मुलेमुली सायकलींवर होती. पाठीच्या दुखण्याने बाबांना बसवत नव्हते. ते गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर गेले. आमची महत्त्वाकांक्षा त्या मानाने फारच बेताची. मूलहून निघायचे, हरणघाटाच्या पुलावरून वैनगंगा ओलांडायची, मार्कंड्याची देवळे पाहायची आणि त्याच दिवशी परत. जाऊन-येऊन साठ-सत्तर किलोमीटर. बरोबर वनस्पतिशास्त्राचे आमचे एक सहकारी होते. प्रत्येक झाडाशी थांबण्याची त्यांना खोड आहे, त्यामुळे घाई करायचा प्रश्नच नव्हता.

जानेवारीतली सकाळ. मूलला तर्रीपोहे खाऊन निघालो. धानकापणी केव्हाच आटोपली होती. बांधांवर धानाचे पुंजणे उभे होते आणि रिकाम्या बांध्यांतून लाखोळीची निळसर फुले उमलली होती. या मुलखात दर थोड्या अंतरावर पाणी भेटते. मोठे असेल तर तलाव, शेतापुरते असेल तर बोडी. जुन्या मालगुजारांच्या काळचे हे तलाव पुढे सरकारजमा झाले आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी' ठरले. लोकांनी त्याची आद्याक्षरे जुळवून त्यांना 'मामा तलाव' करून टाकले! भाषेच्या मास्तराला याहून गोड नाते कोठे मिळणार?

भाषेचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. इथली झाडीबोली 'ण' आणि 'ळ' यांना घरात घेत नाही. पाणी 'पानी' होते आणि डोळे 'डोरे' होतात. वर्गात आम्ही शुद्धलेखनाची लाल शाई वापरतो, आणि इथे चहाच्या टपरीवर तीच बोली ऐकली की शाईच्या बाटलीला बूच लावावेसे वाटते. टपरीच्या कुडावर झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती डकवलेल्या होत्या. दिवाळीनंतर या भागात नाटकांचा हंगाम सुरू होतो. रात्री पडदा उघडतो तो उजाडायच्या सुमारास पडतो.

"मंग बरंच आहे," टपरीवरचे म्हातारबुवा म्हणाले, "रातच्याला घरी जायाचं कामच नाही." आणि आमच्या सायकलींकडे बघून पुढे म्हणाले, "तुमी मातर पाचच्या आंदी हा पट्टा पार करा, भाऊ. डोरे उघडे ठेवा."

पट्टा म्हणजे रस्त्याच्या दोन्ही अंगांना लागून असलेले झुडपी जंगल. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला. वाघांची भरभराट झाली, आणि आता ते प्रकल्पाच्या हद्दीत मावत नाहीत. २०२५ च्या मे महिन्यात शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पर्यटक जिप्सीतून पैसे मोजून ज्याला शोधतो, त्याच्याच भयाने इथला माणूस सरपणाला एकटा जात नाही. निवांत हिंडायला आलेल्या आम्हांलाही त्या दिवसापुरते हेच वेळापत्रक लागू झाले.

हरणघाटाचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. १९८२ साली गडचिरोली वेगळा झाला, तेव्हापासून वैनगंगा ही इकडची शीव. मार्कंड्याला ती उत्तरेकडे वळते, म्हणून तिथल्या काठाचे माहात्म्य मोठे. महाशिवरात्रीला येथे जत्रेत पाय ठेवायला जागा नसते. त्या दुपारी मात्र आम्ही दोघे, एक पुजारी आणि पुष्कळ पोपट. कनिंगहॅमने १८७३-७४ च्या दौऱ्यात ही देवळे पाहून त्यांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. आपल्याकडचे लोक या देवळांना विदर्भाचे खजुराहो म्हणतात. मला अशा उपमा आवडत नाहीत. कोणाला तरी कोणाचे तरी धाकटे भावंड करण्यात काय मिळते? भिंतींवर ओळीने कोरलेल्या त्या मूर्ती उन्हे तिरपी झाली की एकेक करून पुढे सरकल्यासारख्या दिसतात, एवढे सांगून मी थांबतो. मार्कंडेय ऋषी म्हणजे शिवलिंगाला मिठी मारून यमाला परतवणारा पोरगा. त्याच्या नावाच्या घाटावर पाण्यात पाय सोडून आम्ही भाकरी आणि झुणका खाल्ला. फ्रेंच चीजची आठवण झाली नाही.

तेथून पाय निघत नव्हता, पण घड्याळ पाहत निघालो.

परतीच्या वाटेवर पूल मागे पडला आणि जरा पुढे एका शाळेतून मुलींचा घोळका सायकलींवर बाहेर पडला. पंधरा-सोळा जणी असतील. पुष्कळ सायकली एकाच जातीच्या, मानव विकास कार्यक्रमात सरकारने दिलेल्या. पट्ट्याच्या तोंडाशी त्या सगळ्या थांबल्या. मागे राहिलेल्या दोघींची वाट पाहिली, मोजदाद झाली. कोणाचेसे वडील काठी घेऊन उभे होते, ते पुढे झाले. मग एकदम सगळ्या घंट्या वाजू लागल्या आणि घोळका निघाला. गप्पा दहावीच्या परीक्षेच्या चालल्या होत्या. भूमिती कोणालाच आवडत नव्हती.

आमचे वनस्पतिशास्त्रज्ञ सवयीने एका झाडापाशी रेंगाळले. तशी सगळ्यांत मागची मुलगी, दोन वेण्यांची, पाय टेकून थांबली.

"काका, मांगं नका राहू. तुमी मधात या."

आणि पुढच्या पाच-सहा जणींनी बाजूला सरून आम्हां दोघांना घोळक्याच्या मधोमध घेतले.