चांदाची कितवी?

मुरुडच्या किनाऱ्यावर आम्ही पोहोचलो तेव्हा अस्रची नमाज होऊन गेली होती. पाणी इतके आत गेले होते की, धाकट्याला वाटले समुद्र आटला. जालन्याच्या पोराला दुसरे काय वाटणार! मोती तलावापलीकडे त्याने पाणी पाहिलेले नाही. चपला फेकून तो ओल्या वाळूवरून धावत सुटला. जवळच एक वयस्कर चाचा जाळे दुरुस्त करत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "आज चांदाची कितवी, बेटी?"

मी मोबाईल काढेपर्यंत अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, बोलून गेल्या, "चौदावी."

"मग पोराला बोलवा. दुपारी बाराच्या सुमारास भरती होती, आता सुकती आहे. मगरिबच्या सुमारास पाणी वळेल. माणूस पुढे बघत बसतो आणि मागच्या खळग्यात पाणी भरते."

मी विज्ञान शिकवत नाही, तरी भरती-ओहोटीचा धडा मुलांकडून वाचून घेतलेला आहे. पण घरातल्या हिजरी कॅलेंडरचा असा उपयोग मला सुचला नव्हता. चाचांनी वाळूवर बोटाने हिशेब मांडला. कोकणात तिथीला पाऊणने गुणतात, की भरतीची वेळ निघते. आपली चांदाची तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते, म्हणून आधी एक मिळवायचा. चौदावीचे झाले पंधरा. पंधरा पाऊणे सव्वाअकरा. म्हणजे अकरा-बाराच्या दरम्यान भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. बेरीज पंधराच्या वर गेली तर पंधरा वजा करायचे. हा अदमास आहे, नेमकी वेळ स्थानिक माणसालाच विचारावी. पूर्ण चांद आणि अमावास्या या दिवसांत उधाण असते, पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अर्धा चांद असतो तेव्हा भांग, चढउतार कमी.

पण भांग आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी याच मुरुडच्या समुद्रात बुडाले. त्या दिवशी चांद अर्धा होता, म्हणजे भांगाचेच दिवस. सहली नेणाऱ्या आम्हा शिक्षकांना ती बातमी विसरता येत नाही.

आता किनाऱ्यांबद्दल. जालन्याहून रात्रीच्या रेल्वेने मुंबई, गेटवेहून मांडव्याला लाँच, तिथून अलिबाग आणि पुढे एसटीने मुरुड, असा आमचा मार्ग होता. पावसाळ्यात लाँच बंद असते, जंजिराही बंद असतो. त्यामुळे दिवाळीची सुट्टी बरी. अलिबागहून येताना आधी काशीद लागते. पांढरी वाळू, सुरूची झाडे. फोटोत सगळ्यात देखणा किनारा हाच. मात्र लाटा जोराच्या आणि पाणी लवकर खोल होते. तिथे झाडाखाली बसावे, शहाळे प्यावे आणि मुलांचा हात सोडू नये. पुढचे नांदगाव शांत आहे, पण सोय फारशी नाही. मुरुडचा किनारा सपाट आणि गावाला लागून. मशीद, हॉटेल, दवाखाना सगळे चालत जाण्याच्या अंतरावर. म्हातारी माणसे सोबत असतील तर मी मुरुडच निवडेन.

मुरुडपासून जवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला जाता येते. जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला, म्हणजे बेट. सिद्दींचे हे संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. पोरांना कलालबांगडी तोफ आवडली. अम्मी मात्र किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या तलावापाशी बसून राहिल्या. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये हे! 2012-13 च्या दुष्काळात टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या बाईला तोफेचे काय कौतुक? राजपुरीजवळ खोकरीला सिद्दींचे दगडी मकबरे आहेत. तिथे फारसे कोणी जात नाही, आपण जावे.

आगरदांड्याहून जंगल जेट्टीने गाडीसकट दिघीला उतरलात की दिवेआगर आणि श्रीवर्धन आहे. दिवेआगरची पुळण लांब आणि मोकळी, मुलांना खेळायला उत्तम. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळाने इथल्या सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारीचे नवे झाड फळाला यायला वर्षे लागतात, तेव्हा खोलीच्या भाड्यात फार घासाघीस करू नये. दिवेआगरहून श्रीवर्धनला समुद्रालगतचा रस्ता आहे, आरावीवरून जाणारा. आमच्या सफरीतला सगळ्यात सुंदर तासभर त्या रस्त्यावर गेला. हरिहरेश्वरच्या खडकांवर मात्र मुलांना उतरू देऊ नये.

जेवणाचे एक सांगते. कोकणातले आपले बांधव शाफई आहेत. त्यांच्या घरी कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या सर्रास असतात. हनफी मसलकात चिंबोरी आणि शिंपले चालत नाहीत, कोळंबीबाबत उलेमांत मतभेद आहेत. आधी सांगितले की सुरमई, पापलेट, बांगडा करून देतात, कोणी वाईट वाटून घेत नाही. अस्रची अजानही तिथे आपल्यापेक्षा लवकर होते.

आणखी एक गोष्ट, जी घरात कोणी बोलत नाही म्हणून लिहिते. बुरखा भिजला की जड होतो आणि पायांना गुंडाळतो. लाट मागे ओढू लागली की त्यात पाऊल उचलत नाही. बायकांनी घोट्याच्या वर पाण्यात जाऊ नये, आणि जायचेच असेल तर सैल, हलक्या, लवकर वाळणाऱ्या कापडाचे वेगळे कपडे न्यावेत. पुरुषांनी मुलांमागे पाण्यात उतरावे. बायकांना पिशव्या सांभाळायला बसवून स्वतः दूर निघून जाऊ नये. हे मी आमच्या घरातही ऐकवले आहे.

चाचांनी सांगितल्याप्रमाणे त्या संध्याकाळी पाणी खरेच वळले. आधी कळले नाही. मग धाकट्याने बांधलेला वाळूचा जंजिरा एका बाजूने ढासळू लागला. मगरिबची अजान झाली. अम्मींनी सलवार जराशी वर धरली, दोन पावले पुढे गेल्या आणि येणाऱ्या पाण्यातच वुजू केला. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा समुद्र पाहिलेली ही बाई. ओंजळ तोंडापाशी नेऊन चूळ भरली आणि चेहरा वाकडा करून माझ्याकडे वळली, "बाप रे, किती खारट!"