ओलाव्याचा रकाना

मक्याच्या पैदाशीत नोकरीला लागलो तेव्हा हळव्या वाणांबद्दल माझं मत फारसं बरं नव्हतं. मी त्यांना कमअस्सल समजायचो. मका जितके जास्त दिवस उभा, तितका उतारा जास्त, हे खरंच आहे; मग पंचाहत्तर-ऐंशी दिवसांच्या गटातल्या वाणाचं काय कौतुक करायचं? खरी पैदास आयोवात होते, आम्ही नॉर्थ डकोटावाले शिंप्यासारखे त्यांच्या विजारी आखूड करून देतो, असं मी मित्रांना हसत सांगायचो. याला आधारही होता. मिनेसोटा विद्यापीठाची गाजलेली ए632 ही लाइन म्हणजे आयोवाची बी14 एका हळव्या लाइनशी संकरून पुन्हापुन्हा बी14कडेच वळवलेली. त्या आखूड करण्यात केवढा हुन्नर आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.

आयोवाचा मका उत्तरेला पोचायच्या कितीतरी आधी मिझुरीच्या काठी मंडन आणि हिदात्सा बाया मका पिकवत होत्या, हेही मी वाचलं होतं. लुईस आणि क्लार्कच्या तुकडीने 1804-05चा हिवाळा काढला तो बऱ्याच अंशी त्यांच्याच मक्यावर. बुटकं झाड, जमिनीलगत कणीस, टणक दाणा. पण वाचून काय? ते सगळं मी संग्रहालयाच्या खात्यात टाकून दिलं होतं. थंडीत मका तगवायची अक्कल इथे शेकडो वर्षं नांदत होती आणि मी ती दक्षिणेकडून मागवत होतो.

या आंधळेपणाची मुळं आमच्या जळगावच्या रानात असावीत. वडील रब्बीचा मका करायचे. कणसं मार्च-एप्रिलच्या उन्हात झाडावरच कडक व्हायची, उरलंसुरलं खळ्यावर पसरलं की काम झालं. दाणा वाळवायला पैसे पडतात, हे आमच्या सात पिढ्यांनी ऐकलं नव्हतं. पुढे राहुरीला शिकलो, अमेरिकेत आलो, संख्याशास्त्र शिकलो. पण ऊन फुकट असतं हे गृहीतक सामानाबरोबर इकडे आलं आणि डोक्यात तसंच राहिलं.

आमच्या चाचण्यांचा तक्ता असा असतो: वाणाचं नाव, उतारा, झाडं किती लोळली, दाण्याचं वजन आणि सगळ्यात शेवटी कापणीच्या वेळचा ओलावा. मी तो उताऱ्याच्या रकान्यावरून लावायचो आणि वरचे वाण उचलायचो. ओलाव्याची दखल घेतलीच आहे, अशी माझी समजूत होती, कारण उतारा काढताना प्रत्येक वाण साडेपंधरा टक्के ओलाव्यावर आणूनच मोजतात. पण त्या हिशेबात वजा होतं ते फक्त पाणी. ते दाण्यातून काढायला लागणारा प्रोपेन आणि वेळ त्यात कुठेच नसतो. एवढी साधी गोष्ट मला इतकी वर्षं दिसली नाही.

मग 2019चा हंगाम आला. वसंतात पेरण्या लांबल्या, सप्टेंबरभर पाऊस, आणि 10 ते 12 ऑक्टोबरला बर्फाचं वादळ. डिसेंबर उजाडला तरी राज्यातला निम्म्याहून जास्त मका शेतात उभा होता. सप्टेंबरच्या उन्हात दाण्यातला ओलावा रोज पाऊण-एक टक्का उतरतो. ऑक्टोबरअखेर तो वेग निम्म्यावर येतो आणि नोव्हेंबरात जवळजवळ थांबतो. ड्रायर रात्रंदिवस चालत होते आणि त्यात प्रोपेनची टंचाई.

नोव्हेंबरात लँग्डनजवळच्या एका शेतकऱ्याने बोलावलं. कॅनडाची सीमा तिथून हाकेच्या अंतरावर. माझ्याच भरवशावर त्याने आमचा गरवा वाण लावला होता. बर्फ तुडवत आत गेलो. त्याने एक कणीस मोडलं. पाला इतका घट्ट की हातमोजे काढून सोलावा लागला. दाण्यात नख सहज रुतलं. कणीस दोन्ही हातांनी पिळलं तर बुरकुंड मोडेना, नुसतं वाकलं. मी बांधाशी असलेल्या चार तासांकडे पाहिलं. मी यादीतून काढून टाकलेला एक हळवा वाण त्याने हौसेने तिथे ठेवला होता. कणसं खाली माना घालून लोंबत होती, पाला सुटून उघडा पडला होता. अंगठा फिरवला तसे दाणे तळहातावर मोकळे झाले. शेजारी-शेजारी, एकाच मातीत, एकाच बर्फात.

तो चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने एवढंच विचारलं, "हे तुझ्या तक्त्यात कुठे होतं?"

तक्त्यात होतं. शेवटच्या रकान्यात, लँग्डनच्या ओळीत, माझ्याच हाताखालच्या माणसाने नोंदवलेलं. मी लँग्डनचे आकडे इतर ठिकाणांच्या सरासरीत बुडवून टाकले होते. दोन्ही वाणांमध्ये आठ-नऊ टक्क्यांचा फरक. एका बुशेलमधला एक टक्का ओलावा काढायला ढोबळमानाने 0.02 गॅलन प्रोपेन जातो. गाडीत बसून मी त्याच्या एकरांचा गुणाकार केला. गरव्याचा जास्तीचा उतारा त्या आकड्यापुढे कुठच्या कुठे गेला. परतताना मी स्वतःशी भांडत होतो, कारण हा गुणाकार करायला मला बर्फाची गरज नव्हती. नावापुढे पीएचडी लागली होती, पण पाचवीचं गणित मी करायला विसरलो होतो.

आता आम्ही उत्तरेकडची ठिकाणं वेगळी वाचतो. पाला कधी सुटतो, कणीस कधी मान टाकतं, हे वाफ्यात उभं राहून टिपतो.

पण गंमत पुढेच आहे. हंगाम लांबतोय, तसे शेतकरीच नव्वदच्या गटातला वाण मागायला लागलेत. शेजाऱ्याचा उतारा फोनवर दाखवतात. मी ओलाव्याचा आकडा पुढे करतो. त्यांच्यातला एक परवा म्हणाला, "तुम्हाला 2019चं भूत लागलंय." असेलही. निम्म्या रानात मी त्याला ऐंशीचा घ्यायला लावला. उरलेल्या निम्म्यात त्याने नव्वदचाच पेरला.