जमवून घे!

शिक्षक म्हणून माझ्या तोंडी "गप्प बसा"च्या खालोखाल जर कोणते शब्द आले असतील, तर ते "जमवून घे" हे. नव्या मुलाला, रुसलेल्या मुलीला, भांडण घेऊन आलेल्या पालकांना, सर्वांना माझा हाच सल्ला. त्यात काही चुकते आहे, असे मला एका बोटभर निळ्या माशाची गाठ पडेपर्यंत वाटले नव्हते.

समुद्रातले मासे घरी पाळण्याची माझी हौस जुनी आहे. मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय मी शाळेच्या सहलीत पाहिले आणि गुरुजींनी बखोट धरून बाहेर काढीपर्यंत काचेला नाक लावून उभा राहिलो. पुढे चाळिशी उलटल्यावर एका कादंबरीचे थोडे पैसे हाती आले, तेव्हा २०० लिटरांची टाकी घरी आली. "आपल्याला पाय पसरायला जागा नाही आणि माशांना बंगला!" असे आमची ही म्हणाली. ते खरेच होते.

लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने सात किलो समुद्री मीठ पाण्यात घातले. पण पाणी खारट झाले म्हणजे समुद्र झाला, असे नाही. माशांच्या मळापासून आणि उरल्यासुरल्या अन्नापासून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे सूक्ष्म जीव खडकांवर वस्तीला यावे लागतात. त्यांना महिना-दीड महिना लागतो. तोवर रिकाम्या पाण्याकडे पाहत बसायचे! मला तेवढा धीर कुठला? तिसऱ्याच आठवड्यात मी एक निळा डॅमसेल घेऊन आलो.

दुकानदार म्हणाला होता, "मास्तर, हा चिवट आहे, जगेल. पण याला शेवटी टाकायचा असतो. आधी टाकलात, तर सगळी पेटी याच्या नावावर होईल." मी हसलो. एवढासा मासा आणि सातबारा कसला!

महिन्याभराने मी फायरफिश आणला. पुढून पांढरा, शेपटीकडे तांबडा, पाठीवर तुऱ्यासारखा लांब पर आणि स्वभावाने अगदी भित्रा. पाण्यात सोडताक्षणी निळा त्याच्या अंगावर धावून गेला. हा या खडकाआड, तर तो तिथे हजर. खायला वर आला की पुन्हा हाकललाच. हिने दोनदा सांगितले, "अहो, त्याचे काहीतरी करा." मी वही तपासता तपासता म्हणालो, "होईल सवय. घेतील जमवून."

तिसऱ्या दिवशी सकाळी फायरफिश फरशीवर वाळून पडलेला दिसला. हा मासा घाबरला की पाण्याबाहेर उडी मारतो, आणि मी टाकीवर जाळीसुद्धा घातली नव्हती.

मग पुस्तके वाचली, जाणत्यांना विचारले. समुद्रातही निळा असाच भांडतो. पण तिथे हरलेल्याला पळायला जागा असते. चार फुटांच्या काचेत पळून जायचे कुठे? म्हणून बुजऱ्यांना आधी सोडायचे आणि दांडग्यांना शेवटी. विदूषक मासे जोडीने आणायचे तर एक मोठा, एक लहान घ्यावा. जन्मतः ते सारे नरच असतात आणि मोठा मादी होतो, म्हणजे थोरलेपणाचा तंटा उरत नाही. लायनफिशचे मात्र भांडणच नसते. तोंडात जे मावेल, ते तो गिळतो. आणि भरल्या टाकीत नवा मासा सोडायचाच असेल, तर आधी सगळे खडक हलवून नव्याने रचावेत. मग जुन्यांचीही घरे मोडतात, आणि दिवे मालवून नव्याला सोडला, की त्या रात्री सगळेच नवे असतात.

हे वाचले आणि पुस्तक मिटले. मला एक मुलगा आठवला.

वडिलांच्या बदलीमुळे तो वऱ्हाडातून ऐन नोव्हेंबरात आमच्या वर्गात आला होता. त्याने तोंड उघडले की पोरे त्याच्या बोलीची नक्कल करीत. डबा खायला तो जिन्याखाली बसे. दोनदा माझ्याकडे आला. दोन्ही वेळा मी म्हणालो, "जमवून घे, बाळ." संक्रांतीनंतर तो येईनासा झाला. वडिलांनी त्याला गावी काकांकडे ठेवले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाच्या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिले, 'पालकांच्या विनंतीवरून'.

जमवून घे, असे मी त्याला सांगितले. पण वर्गातले एक बाकही हलवले नव्हते.

निळ्याला पुढे मी वेगळ्या टबात काढले, खडक नव्याने रचले, वर जाळी बसवली. आधी दुसरा फायरफिश आला, मग विदूषकांची जोडी, आणि सर्वांत शेवटी निळा. तो अजूनही अधूनमधून धावून जातो. पण आता दुसऱ्यांच्याही बिळांना मालक आहेत.

गेल्या जूनमध्ये एक नवी मुलगी वर्गात यायची होती. आदल्या दिवशी मी सगळी बाके हलवली. पोरांनी ओरडा केला, "सर, ती माझी जागा!" मी म्हणालो, "आज कोणाचीच जागा ठरलेली नाही."

त्या मुलाच्या गावचा पत्ता माझ्याकडे आहे. या दिवाळीच्या सुट्टीत त्याला पत्र लिहायला तीनदा बसलो. "चिरंजीव" इतके लिहून होते. पुढे काय लिहावे, ते सुचत नाही.