गंज, शनिवार आणि शेजारच्या आजी

इंग्लंडात घर घेतलं की लॉन गळ्यात पडतंच. पण मला नाद लागला तो लॉनचा नाही, जुन्या लॉनमोवरचा! (पुण्यात असताना कुंडीतली तुळससुद्धा आईच सांभाळायची.)

स्ट्राउडजवळ एडविन बडिंगने लोकरी कापडावरची लव कापणारं यंत्र पाहिलं आणि तीच कल्पना गवतावर चालवली. पेटंट १८३० चं. हातमोवरमध्ये आजही तेच तत्त्व: फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्यापाशी आली की कात्री होते.

तर शेजारच्या आजींनी त्यांच्या गेलेल्या नवऱ्याचा हातमोवर दिला. "चालतो का बघ." दोन वीकेंड वायर ब्रश. मग पात्यांना ग्राइंडिंग पेस्ट लावून सिलिंडर उलटा फिरवत बसलो. कसोटी कागदाच्या पट्टीची. डावीकडे कापली जायची, उजवीकडे नुसती दुमडायची. स्क्रू जरा पिळ, परत बघ. रविवारी रात्री साडेअकराला दोन्हीकडे खस्सकन कापली गेली. प्रोडक्शनमधला बग सापडल्यावरही इतका आनंद होत नाही राव!

आजींनी गवताच्या डब्यावरून हात फिरवला. "इथे त्याने रंगवलेली आद्याक्षरं होती."

गंजाबरोबर मी तीही खरवडून टाकली होती. बॅकअप न घेता डिलीट. माझ्यासारख्या माणसाने!

सॉरी म्हटलं. त्यांनी मोवर दोन हात ढकलला, "आवाज तोच आहे" म्हणाल्या.

डबा अजून माझ्याच शेडमध्ये आहे. आजी जुना फोटो शोधतायत.